‘आपण’ म्हणणारा दुभाषी

शांतवनभाऊ गेले तेव्हा स्मरणसभेत वाचायला चार ओळी लिहून द्या, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं. आमच्या लोणावळ्याच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत लिहायचं काम निघालं की ते माझ्याकडंच येतं. मी तळेगावच्या एका कारखान्यात जन्मभर स्टेनो होतो. मी लिहून दिलं, ‘बंधू शांतवन भालेराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. काही काळ त्यांनी मंडळीत दुभाष्याचे काम केले.’ लोकांनी माना डोलावल्या. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त ‘काही काळ’ या दोन शब्दांच्या आड मी उभा होतो, आणि ते माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं.

तो काळ का संपला आणि कुणी संपवला, हे त्या ओळींत नव्हतं. आजही भाऊंचा विषय निघाला की मंडळीतली जुनी माणसं म्हणतात, “माणूस चांगला, पण भाषांतर खोटं करायचा.” हे वाक्य मूळचं माझं आहे. आता माझी ऐंशी जवळ आली. मी गेल्यावरही ते वाक्य इथं राहावं अशी माझी इच्छा नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

भाऊ उंच, किंचित वाकलेले, बारा महिने अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरमध्ये. लोणावळ्याच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसायचे आणि गाड्या पुकारायचे. त्यांच्या आवाजात घाई नसायची. माईक हातात घेतला की आधी मुठीनं झाकायचे, क्षणभर थांबायचे, मनात वाक्य जुळवायचे आणि मग मूठ काढून बोलायचे. ही सवय इतकी मुरली होती की माईक नसतानाही, बाजारात, घरी, चर्चच्या पायरीवर, बोलायच्या आधी त्यांची मूठ आपोआप तोंडाशी जायची. लोक चेष्टा करायचे, “भाऊ, माईक चालू करा की.” भाऊ हसायचे, पण मूठ त्यांच्या वेळेनंच खाली यायची.

पवनानगरची गाडी घाटात किंवा कामशेतच्या पुढं अडकली की स्टँडवर गोंधळ व्हायचा. अशा वेळी ‘प्रवाशांनी सहकार्य करावे’ वगैरे ते कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, “पवनानगरची गाडी आलेली नाही. कधी येईल ते मला माहीत नाही. मला कळलं की लगेच तुम्हाला सांगतो. तोवर चहा घेऊन या.” लोक खरोखर चहा घेऊन यायचे.

एकदा एक कंडक्टर आणि बेडशाचा एक दूधवाला त्यांच्या खिडकीशी भांडत आले. दोघांनीही एकमेकांच्या आयाबहिणी बाहेर काढल्या होत्या. मी पास काढायला रांगेत उभा होतो. भाऊंनी दोघांचं ऐकून घेतलं, मूठ तोंडाशी नेली, मग शांतपणे विचारलं, “तुम्ही आत्ता जे म्हणालात, ते माईकवर सांगू का? सगळ्या स्टँडला कळू दे कुणाचं खरं ते.”

दूधवाला गडबडला. “आवो भाऊ, माईकवर कशाला? बायाबापड्या हायेत तितं.”

“बायाबापड्या तर इथंही आहेत. बघा की, मागं उभ्या आहेत.”

दोघं खाली मान घालून निघून गेले. मी म्हणालो, “छान जिरवलीत.” त्यावर भाऊ म्हणाले, “जिरवायची नव्हती हो. माईक बंद असला तरी वर ऐकू जातं, एवढंच सांगायचं होतं.” आणि त्यांनी एक बोट पत्र्याच्या छताकडं केलं. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. आमच्याकडं जिभेला आवर घालण्यावर पुष्कळ उपदेश होतात, पोरांकडून त्यावरची वचनं पाठ करून घेतात. भाऊंच्या त्या एका वाक्याइतकं मला त्यातलं काही आठवत नाही.

आमच्या मंडळीत बाहेरगावचे पाहुणे उपदेशाला येत. बहुतेक इंग्रजी बोलत. आमचे निम्मे सभासद मळवली, कामशेत, पवनानगर भागातले. त्यांना इंग्रजी समजत नसे. त्यामुळं पाहुण्यांच्या शेजारी एक दुभाषी लागे, आणि ते काम वर्षानुवर्षं भाऊंकडं होतं. पुढं जायच्या आधी ते बाकाशेजारी डोळे मिटून उभे राहत. एकदा त्यांची पुटपुट माझ्या कानावर आली : “प्रभू, माझ्या तोंडून जास्तीचं काही जाऊ देऊ नकोस.”

जास्तीचं कधी गेलं नाही. कमी मात्र जात असे, आणि माझ्या स्टेनोच्या कानाला ते खुपत असे. आमच्या धंद्यात साहेबांनी शिवी दिली तरी ती आधी लिहून घ्यायची असते. गाळायची की नाही ते साहेब ठरवतात. एका रविवारी पाहुणे उशिरा येणाऱ्यांवर भडकले. तुम्हा लोकांना देवाच्या वेळेची किंमत नाही, तुम्ही आळशी आहात, सिनेमाला मात्र वेळेवर जाता, असं बराच वेळ चाललं. भाऊंनी मूठ काढली आणि म्हणाले, “आपल्याला यायला उशीर होतो. देव आपली वाट बघत असतो.”

पाहुण्यांनी वळून विचारलं, एवढंच?

भाऊ इंग्रजीत म्हणाले, “आमच्याकडचे लोक लवकर समजतात, सर.”

मंडळी हसली नाही, कारण तिला ते समजलं नाही. मला समजलं, आणि मलाही हसू आलं नाही. उपासना संपल्यावर मी त्यांना गाठलं.

“भाऊ, ते ‘यू’ म्हणाले.”

“म्हणाले.”

“तुम्ही ‘आपण’ म्हणालात. नेहमीच म्हणता. ते म्हणतात तुम्ही पापी, तुम्ही म्हणता आपण पापी.”

“मग ‘आपण’ म्हणजे तुम्हीच की, स्टेनोसाहेब. तुमच्या ऑफिसच्या पत्रात नाही का, ‘आपणांस कळविण्यात येते’?”

“शब्दांचा खेळ करू नका. आळशी कुठं गेलं? सिनेमा कुठं गेला?”

त्यांची मूठ तोंडाशी गेली. मग म्हणाले, “त्यांच्या बोलण्यात वचन असतं तेवढं मी देतो. बाकीचा राग असतो. राग त्यांचा आहे, त्यांनी आपल्याबरोबर घेऊन जावा. पवनानगरची म्हातारी दोन गाड्या बदलून येते, तिच्या हातात तो कशाला द्यायचा?”

उत्तर मला पटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंच नव्हतं. माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं होतं, शॉर्टहँडमधल्या वेगाबद्दल मला कारखान्यात बक्षीस मिळालेलं होतं, आणि दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसून एका एसटीवाल्याचं भाषांतर मनात दुरुस्त करत राहणं मला जड जात होतं. मला तो माईक हवा होता. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मंडळीच्या वार्षिक सभेत मी उठलो आणि उदाहरणं देऊन बोललो. पाहुणे काय म्हणाले आणि मंडळीला काय ऐकवलं गेलं, ते समोरासमोर मांडलं. शेवटी म्हणालो, “देवाच्या सेवकाच्या तोंडी त्याचे नसलेले शब्द घालणं याला शास्त्रात एकच नाव आहे. खोटी साक्ष.” ‘खोटी साक्ष’ हे शब्द आमच्या लोकांत साधे नाहीत. ते बायबलच्या दहा आज्ञांतले शब्द आहेत.

तेव्हाच्या पाळकसाहेबांनी भाऊंना काही बोलायचं आहे का, विचारलं. मूठ तोंडाशी गेली, बराच वेळ तिथंच राहिली. मग ते म्हणाले, “मंडळीला तसं वाटत असेल तर मी थांबतो.” त्यांच्या पत्नी करुणाबाई मात्र बाहेर पायरीवर मला म्हणाल्या, “स्टेनोसाहेब, तुम्ही बरोबर बोललात. फक्त हे सगळं तुम्ही आमच्या घरी येऊन बोलला असतात तर चहा तरी मिळाला असता.”

पुढच्या रविवारी भाऊंनी स्वतः माईक खिशातल्या रुमालानं पुसून माझ्या हातात दिला. “तोंडापासून जरा लांब धरा,” ते म्हणाले. “फार जवळ धरला की शब्द फुटतो.” मला वाटलं, ते यंत्राविषयी बोलताहेत. कदाचित यंत्राविषयीच बोलत असतील.

आता हिराबाईचं सांगतो, कारण तिच्याशिवाय हे सगळं निव्वळ दोन म्हाताऱ्यांचं भांडण ठरेल.

हिराबाई बेडशाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीतली. करवंदं, जांभळं, पावसाळ्यात रानभाज्या घेऊन लोणावळ्याला यायची आणि भाऊंच्या खोलीमागं टोपली ठेवायची. एका पावसाळ्यात तिची मुलगी तापानं गेली. वाडीतून खाली रस्त्यापर्यंत आणेतोवरच गेली. त्यानंतर हिराबाई स्टँडवर टोपली घेऊन नुसती बसून राहायची, कुणी भाव विचारला तरी बोलायची नाही. एका रविवारी भाऊ तिला चर्चमध्ये घेऊन आले. ती धर्मानं आमची नव्हती आणि तिनं आमचं व्हावं असं भाऊंनी तिला कधी सुचवलंही नाही. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की बाहेर एकटीनं बसण्यापेक्षा चार माणसांत बस. ती सगळ्यात मागं, चपला काढतात तिथं बसायची. करुणाबाईंना म्हणायची, “मला काय कळतंय? पन गानी लय चांगली हायती.”

त्या वर्षी आमचा मेळावा पवनानगरला, धरणाच्या बाजूला मांडव घालून झाला. जेवण होतं, त्यामुळं हिराबाईबरोबर तिचा नवरा आणि वाडीतली आणखी काही माणसं आली होती. भाऊ शेवटच्या रांगेत तिच्या शेजारी बसले होते. पाहुणे लांबचे होते, मोठ्या आवाजाचे. दुभाषी मी होतो.

पाहुणे लपवलेल्या पापावर बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, तुमच्या घरात लेकरू मेलं असेल, तर समजा की तुमच्या घरात काहीतरी लपवलेलं आहे.

भाषांतर करताना दुभाष्याला एका श्वासाएवढी सवड असते. त्या श्वासात मी मागं पाहिलं. हिराबाई दिसली. तिच्या मुलीचं मला माहीत होतं. आणि तिच्या शेजारी भाऊ दिसले, त्यांची मूठ तोंडाशी होती, जणू माईक त्यांच्याच हातात आहे. मला एकदम वाटलं, यांना ऐकू दे खरं भाषांतर कसं असतं. त्या क्षणी मी त्या बाईसाठी बोललो नाही, मंडळीसाठीही नाही. मी भाऊंना ऐकवलं.

“तुमच्या घरात लेकरू मेलं असेल, तर तुमच्या घरात लपवलेलं पाप आहे.”

पाहुण्यांनी ‘काहीतरी’ म्हटलं होतं. ‘पाप’ मी घातलं. ओघात घातलं, वाक्य वजनदार व्हावं म्हणून. भाऊंवर आरोप करताना ज्यानं शब्दाशब्दाचा हिशेब मागितला होता, त्यानं हे केलं. आजवर मंडळीला हे माहीत नाही.

हिराबाई उभी राहिली. आमच्या उपासनेत मध्येच कुणी उठून बोलत नाही, पण तिला ते माहीत नव्हतं. “माज्या घरात कंचं पाप व्हतं, सायेब?” तिनं विचारलं.

ती पाहुण्यांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. तिच्या लेखी ते वाक्य माझंच होतं. तिला कळणाऱ्या भाषेत ते मीच बोललो होतो.

पाहुण्यांनी ती काय म्हणते म्हणून विचारलं. मी इंग्रजी करून सांगितलं. ते म्हणाले, तिनं शोधावं, तिला ठाऊक असेल. मी मराठी करून सांगितलं, “तुम्ही शोधा. तुम्हाला माहीत असेल.”

तेव्हा तिच्या नवऱ्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मला त्या मांडवातलं बाकी सगळं पुसट झालं आहे, पण ती मान वळताना अजून दिसते.

भाऊ उठले, तिच्या खांद्यावरचा पदर नीट करावा तसा हात ठेवून तिला बाहेर घेऊन गेले. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “आता तरी मध्ये मध्ये करू नका म्हणावं भाऊंना.” मी पुढचं वाक्य घेतलं. उपदेश पुरा झाला. भाषांतर अगदी स्पष्ट होतं, असं पाळकसाहेबांनी जेवताना सांगितलं आणि मी आणखी भात घेतला.

वाडीत ते वाक्य वर पोचलं. देवाच्या माणसानं सांगितलं, हिच्या घरात पाप आहे. नवरा रोज विचारायचा, काय लपवलंस? तिच्याकडं सांगायला काही नव्हतं, आणि तिचं गप्प राहणं हेच लपवणं ठरलं. शेवटी त्यानं तिला आंबीला भावाकडं नेऊन सोडलं आणि दुसरी बायको केली. हे मला उडत उडत कळत होतं. मी मनाची समजूत घालायचो की नवरा मुळातच तसला असणार. दुभाष्याचं काम आणखी बरीच वर्षं केलं. भाऊ दर रविवारी यायचे, सलाम करायचे, “काय स्टेनोसाहेब, घसा बरा आहे ना?” विचारायचे आणि मागं जाऊन बसायचे. मेळाव्याबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत. तो मोठेपणा असेल, पण मला ते नकोशा घासासारखं झालं होतं. गिळताही येईना आणि ताटावरून उठताही येईना.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरी प्रार्थनेला पवनानगरला गेलो होतो. जीप सुटायला वेळ होता म्हणून पाण्याच्या बाजूला गेलो. तिथं पर्यटकांचे तंबू आहेत. तंबूंच्या मागं एक बाई मोठी पातेली घासत होती. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं.

“तुमी मांडवातलं सायेब नव्हं?”

मी हो म्हणालो. ती पातेलं घासतच राहिली.

“भाऊ बरं हायती का?” तिनं विचारलं.

“आजारी आहेत. झोपूनच असतात.”

तिचा हात थांबला. “वाडीवर लय येळा आलं वो भाऊ. गुडगं दुकायचं तरी चढायचं. माज्या नवऱ्याम्होरं, समद्या वाडीम्होरं हात जोडलं. म्हनालं, आमी चुकीचं बोललो. हिची काय चूक न्हाई. आमचं चुकलं.”

“आम्ही म्हणाले?” मी विचारलं. भाऊंच्या तोंडी चुकीच्या बाबतीत ‘आम्ही’ मी कधी ऐकला नव्हता. “‘आपण’ नाही म्हणाले?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की याला एवढंही कळू नये. “आपन कसं म्हंतील? माजी कुटं चूक व्हती?”

मग पुन्हा पातेल्याकडं वळून म्हणाली, “मी म्हनलं, भाऊ, तुमी कुटं बोललावता? तुमी तर माज्याशेजारी बसलावता. तर म्हनालं, तरीबी आमीच.”

“मग तुझ्या नवऱ्यानं ऐकलं नाही?”

“ऐकलं की. च्या पाजला भाऊंना.” ती पाणी ओतून उठली. “पन भाऊ म्हनालं येक आन् तुमी म्हनला येक. तुमच्या हातात माईक व्हता.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “आता काय त्याचं,” आणि दुसरं पातेलं ओढलं. तिच्या आवाजात क्षमा नव्हती, रागही नव्हता. तिला कामं होती.

दुसऱ्याच दिवशी भाऊंकडं गेलो. स्टँडच्या मागच्या बाजूचं त्यांचं घर, पुढच्या खोलीत खाट, बाहेर इतकं धुकं की समोरचा रस्ता दिसत नव्हता. गाड्यांचे नुसते आवाज येत होते. भाऊ फार बारीक झाले होते. तोच स्वेटर, आता दोन माणसं मावतील एवढा सैल. करुणाबाईंनी स्टूल दिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी कारखान्यातल्या टिपणासारखी मनात वाक्यं तयार करून गेलो होतो. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, “भाऊ, मेळाव्यात हिराबाईला ते मी बोललो. पाहुण्यांनी त्या वाक्यात ‘पाप’ म्हटलंच नव्हतं, ते मी घातलं. तुम्हाला ऐकवायला घातलं. तुमच्या भाषांतराला खोटी साक्ष म्हणणारा मी, आणि खोटी साक्ष मीच दिली.”

भाऊ माझ्याकडं बघत राहिले. त्यांना हे तेव्हापासूनच माहीत होतं, असं मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनाही इंग्रजी येत होतं, आणि ते त्या दिवशी मागं बसून ऐकत होते. पांघरुणातून हात हळूहळू वर आला. बोटं मिटायला वेळ लागला. मूठ तोंडाशी गेली.

करुणाबाई चहा घेऊन आल्या. त्यांच्याकडं पाहून म्हणाल्या, “माईक झाकला का? मग थांबा आता. हल्ली फार वेळ लागतो त्यांना.”

आम्ही थांबलो. चहावर साय धरली. मग मूठ खाली आली आणि भाऊ एवढंच म्हणाले,

“आपण.”

‘आपण’ म्हणजे आपण दोघं, की ‘आपण’ म्हणजे तुम्ही, जसं पत्रात लिहितात तसं? पुढं त्यांना आणखी काही म्हणायचं होतं आणि श्वास पुरला नाही, की वाक्य तेवढंच होतं? आम्हा स्टेनोंना पहिल्या दिवशी शिकवतात की शब्द नीट कळला नाही तर मान वर करून पुन्हा विचारायचं. मी मान वर केली नाही. पुढच्याच आठवड्यात भाऊ गेले.

त्यानंतर मी पाळकसाहेबांकडं गेलो आणि मंडळीसमोर बोलायला दोन मिनिटं मागितली. ते म्हणाले, “आता कशाला, काका? जुनं झालं. माणूसही गेला.” त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी माईक मागायला गेलो होतो आणि या वेळी तो मिळाला नाही, एवढंच. म्हणून हे कागदावर लिहिलं आहे : शांतवन भालेराव यांनी खोटं भाषांतर कधी केलं नाही.

त्या दिवशी त्यांच्या घरून निघालो तेव्हा दारात चप्पल घालताना एकदा मागं पाहिलं होतं. बाहेर धुक्यात कुठल्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. भाऊंनी मान त्या आवाजाकडं वळवली होती, आणि मूठ पुन्हा तोंडाशी गेली होती.